बी जाऊ द्या, झाडं अडवा

आमच्या फ्रिजच्या दारात कैरीच्या लोणच्याच्या बरणीला लागून बोटभर उंचीची एक काचेची बाटली आहे. तळाशी भाजून कोरडे केलेले तांदूळ, त्यावर कापसाचा बोळा आणि वर बटर पेपरची पुडी. पाहुणे हमखास विचारतात, केशर का? केशर नाही, सीतेच्या वेणीचं बी. सावंतवाडीकडे रस्ता रुंद करताना आडव्या झालेल्या एका आंब्याच्या फांदीवरून ही आमरी, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड, मी घरी आणली, त्याला आता बरीच वर्षं झाली. उन्हाळा सरता सरता ती गुलाबी-पांढऱ्या फुलांचा गजरा खाली सोडते. दोन वर्षांपूर्वी मी टूथपिकने एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेऊन ठेवले, शेंग धरली, महिनोन्‌महिने तिच्याकडे बघत बसले आणि ती तडकायच्या बेतात असताना काढली. आत निघालेल्या वस्तूला बी म्हणायचं ते वनस्पतिशास्त्र सांगतं म्हणून. हळदीच्या डब्याच्या झाकणाला आतून पूड चिकटलेली असते ना, तसं दिसतं. शिंक आली तर पीक गेलं.

हे बी मागणारा एक माणूस ब्राझीलमध्ये आहे. माझ्यासारखाच, निवृत्तीनंतर गच्चीत रमलेला. त्याच्याकडे कॅटलिया नावाची ऑर्किडं आहेत, बदल्यात तो त्यांचं बी देऊ करतो. पैशांचा प्रश्न दोघांनाही नाही. दोन पाकिटं, दोन तिकिटं, की झालं. मी ते अजून केलेलं नाही. का केलं नाही हे सांगायचं तर काही नियमांबद्दल मला वाटणारा आदर आणि काही नियमांचा येणारा राग, दोन्ही बाहेर काढावे लागतील.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. छंद म्हणून ऑर्किड वाढवणाऱ्यांची सीमेपलीकडची देवघेव बंद पाडू नये, तिचं रूप बदलायला लावावं. बी आणि बाटलीत उगवलेली पिल्लं यांच्यासाठी दार अरुंद असावं, पण उघडं असावं. मुळांसकट उपटलेल्या झाडासाठी ते घट्ट लावलेलं असावं. आज कागदावर काहीही असलं तरी व्यवहारात उलटं चालतं. उपटलेलं झाड मोज्यात गुंडाळून बॅगेतून पार होतं, आणि ज्याला रीतसर चिमूटभर बी मागवायचं आहे तो अर्जाचा नमुना शोधत बसतो.

आधी या बीचा स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गव्हाच्या दाण्यात अंकुरासाठी पिठाची शिदोरी असते. ऑर्किडची आई मुलांना काहीच बांधून देत नाही. एका शेंगेत हजारो, काही जातींत लाखो बिया तयार करते आणि वाऱ्यावर सोडून देते. ज्या बीला झाडाच्या सालीत योग्य बुरशी भेटेल ती त्या बुरशीच्या जिवावर जगते, बाकीच्या मातीत जातात. हे गूढ नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८९९ मध्ये उकललं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसनने दाखवून दिलं की बुरशीशिवायही भागतं: अगर नावाची जेली, साखर, थोडे क्षार आणि संपूर्ण निर्जंतुक बाटली एवढं पुरे. या १९२२ च्या बाटलीचीच नक्कल आज आम्ही स्वयंपाकघरात करतो. प्रेशर कुकरमध्ये बाटल्या उकळायच्या, माशांची जुनी टाकी आडवी करून तिच्यात हात घालून पेरणी करायची, बी आधी ब्लीचच्या पाण्यात धुवायचं. घरच्यांनी त्या दिवशी पोळ्या बाहेरून आणायच्या.

नडसनच्या आधी भरवशाने बी उगवता येत नव्हतं, म्हणून ऑर्किड हवं तर झाडच आणावं लागे. ते आणण्याचं प्रमाण काय होतं हे जोसेफ हुकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं आहे. १८५० मध्ये तो आजच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांत होता. तिथे त्याने निळा वांडा या ऑर्किडची सात हमालांची ओझी लंडनजवळच्या क्यूच्या सरकारी बागेसाठी गोळा केली. विलायतेत त्यातली फार थोडी झाडं जिवंत पोचली. जागा बघून घ्यायला ज्या गृहस्थाने आपला माळी बरोबर पाठवला होता, त्याने एका माणसाचं ओझं विक्रीला धाडलं. ते अगदी वाईट अवस्थेत पोचलं, तरी ३०० पौंडांना गेलं. पुढे हुकर शांतपणे हिशोब मांडतो की मनावर घेतलं तर एका हंगामात खासी ऑर्किडांवर २,००० ते ३,००० पौंड सहज सुटतील. हा जगातल्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी एक, लुटारू नव्हे. मेलेल्या झाडांची नोंद तो आपण भाजीतल्या सडक्या टोमॅटोंची करतो तशी करतो.

त्याच निळ्या वांडाचं पुढे काय झालं ते माझ्या बाजूचं आहे. १९३१ मध्ये त्याचा फिलिपिन्सच्या एका वांडाशी झालेला संकर नोंदवला गेला, आणि तेव्हापासून बियांवरून वाढवलेल्या निळ्या वांडांची रांगच लागली. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात मूळ जात सर्वांत कडक यादीत होती. रोपवाटिकांमधली पैदास इतकी वाढली की थायलंडने मांडलेल्या प्रस्तावावरून २००५ मध्ये तिला एक पायरी खाली आणण्यात आलं. आज पुण्या-मुंबईच्या फुलझाडांच्या प्रदर्शनात निळा-जांभळा वांडा लाकडी टोपलीत लटकत असतो आणि कोणाला त्यासाठी मेघालयाचं जंगल आठवायची गरज पडत नाही. बाटलीने जंगलावरचा भार कमी होऊ शकतो, याचा यापेक्षा देखणा पुरावा मला माहीत नाही.

तो आंतरराष्ट्रीय करार म्हणजे सायटिस. १९७३ मध्ये वॉशिंग्टनला सह्या झाल्या, १९७५ पासून तो लागू झाला, भारत १९७६ पासून त्यात आहे. वाघ, हस्तिदंत, गेंड्याचं शिंग यांसाठी तो लोकांना माहीत असतो. पण त्याच्या यादीतल्या एकूण जातींपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास नुसती ऑर्किडं आहेत, कारण अख्खं कुळच यादीत घातलेलं आहे. बहुतेक जाती दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्याने व्यापार चालतो. थोड्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे जंगलातल्या झाडाचा व्यापार बंदच. या पहिल्या यादीत पॅफिओपेडिलम आणि फ्रॅग्मिपेडियम हे चपलेच्या आकाराच्या फुलांचे दोन गट सगळेच्या सगळे आहेत. छंदी लोक त्यांना लाडाने ‘पॅफ’ आणि ‘फ्रॅग’ म्हणतात.

करार करणाऱ्यांना बीचं महत्त्व कळलं नव्हतं असं नाही. दुसऱ्या परिशिष्टातल्या ऑर्किडांच्या बिया, शेंगा, पराग आणि निर्जंतुक बाटलीतली पिल्लं यांना करारातून सूट आहे. पहिल्या परिशिष्टातल्यांच्या बियांना नाही. त्यांची बाटलीतली पिल्लं मात्र कृत्रिम पैदाशीच्या व्याख्येत बसली तर सुटतात. म्हणजे मी ज्या दाराबद्दल बोलते आहे ते करारात आधीपासून आहे. (त्याच करारात काही ऑर्किडांचा अंश असलेल्या तयार सौंदर्यप्रसाधनांनाही सूट आहे. चेहऱ्याला लावायच्या मलमातून ऑर्किड सीमा ओलांडू शकतं, कुंडीतून जाताना त्याला परवाना लागतो. उद्योगाचा आवाज छंदापेक्षा मोठा असतो, दुसरं काय.)

इथे आमच्यातल्या हौशी मंडळींशी माझं भांडण आहे. ‘सायटिसमध्ये बी मोकळं आहे, मग पाकिटात घालायला काय हरकत?’ असं मला निदान दहा जणांनी ऐकवलं असेल. हरकत आहे. सायटिस हा अनेक दारांपैकी एकाचा पहारेकरी आहे. त्याने सोडलं म्हणून बाकीच्यांनी सोडलं असं होत नाही.

दुसरं दार कीड-रोगांचं. बाहेरून येणाऱ्या झाडा-बियांसाठी आपल्याकडे २००३ चा वनस्पती क्वारंटाइनचा आदेश आहे. आयातीचा परवाना हवा, पाठवणाऱ्या देशाचा झाड निरोगी असल्याचा दाखला हवा, आणि कोणती वनस्पती कोणत्या देशातून कोणत्या रूपात येऊ शकते याच्या याद्या आहेत. यादीत नसलेल्या वस्तूसाठी आधी तिच्या धोक्याचा अभ्यास व्हावा लागतो. टपाल, कुरिअर आणि प्रवाशाची बॅग यांतून काही सुटत नाही. हा आदेश जाचक आहे असं म्हणणाऱ्याने एकदा घराबाहेर पडून रस्त्याच्या कडेला बघावं. गाजर गवत पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलं ते १९५५ च्या सुमारास, आयात गव्हाबरोबर आलेलं म्हणतात. आज महाराष्ट्रातला एकही बांध त्याच्याशिवाय नाही. घाणेरी शोभेचं झुडूप म्हणून आली. जलपर्णी फुलं सुंदर म्हणून आली, आणि पंचगंगेच्या काठच्या माणसाला ती सुंदर आहे असं सांगून बघा. २००८ मध्ये पपईवरचा पिठ्या ढेकूण तमिळनाडूत दिसला, दोन वर्षांत तो महाराष्ट्रातल्या बागांत होता. त्याला आवरायला शेवटी त्याचा शत्रू असलेली इवली गांधीलमाशी परदेशातून आणून सोडावी लागली. आमच्या परड्यातल्या तीन पपया त्या वर्षी पांढऱ्या होऊन गेल्या. ‘एका पाकिटाने काय होतंय’ हे वाक्य मला तेव्हापासून ऐकवत नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये कोणी न मागवता टपालाने येणाऱ्या बियांच्या पाकिटांबद्दल केंद्रीय कृषी मंत्रालयाला राज्यांना सावध करावं लागलं, तेही याच कारणाने.

पण कीड-रोगाच्याच चष्म्यातून बघितलं तरी बी, बाटली आणि झाड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तोच मला सरकार-दरबारी पोचवायचा आहे. ऑर्किडांचे दोन सर्वांत पसरलेले विषाणू, सिंबिडियमचा मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसमचा वलयांकित ठिपका, झाडाच्या रसातून पसरतात. कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर गेली की काम झालं. मुळांच्या जाळीत गोगलगायींची अंडी, पानाच्या बेचक्यात खवलेकीड, नारळाच्या काथ्यात मुंग्या; आलेल्या एका ‘निरोगी’ झाडातून मी स्वतः हे सगळं काढलेलं आहे. ब्लीचमध्ये धुतलेल्या बीवर यातलं काही टिकणं कठीण. बाटलीतलं पिल्लू तर आपोआप तपासलं जातं, कारण अगरमध्ये एक जरी बुरशीचा कण शिरला तर आठवड्यात बाटली काळी पडते. तिथे दाखला बाटलीच देते.

ऑर्किड कधीच तण होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. आफ्रिकेतली ओइसिओक्लेडीस मॅक्युलाटा ही आमरी अमेरिका खंडात अशी पसरली आहे की बघणाऱ्याला ती तिथलीच वाटावी. म्हणून ‘सगळं कुळ मोकळं करा’ ही मागणी मला मान्य नाही. जातवार यादी हवी. कायदा करणाऱ्यांना यादी करता येते, त्यांनी आधी अनेक केल्या आहेत.

तिसरं दार आपल्या देशाच्या हक्काचं. २००२ चा जैवविविधता कायदा सांगतो की भारतातलं जैविक संसाधन परदेशी माणसाला संशोधनासाठी, व्यापारी वापरासाठी किंवा जैवसर्वेक्षणासाठी हवं असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. माझा ब्राझीलचा मित्र यातलं काय करणार आहे? संशोधन नाही, व्यापार नाही, सर्वेक्षण नाही. तो फक्त रोज सकाळी चहा घेऊन गजऱ्यासमोर उभा राहणार आहे. कायद्यात या कृतीला नाव नाही. मी एका कार्यालयात चौकशी केली तेव्हा पहिल्या टेबलवर सांगितलं की असं काही लागतच नाही, दुसऱ्यावर सांगितलं की असं काही मिळतच नाही. दोघेही अगदी सौजन्याने बोलले. त्या जिन्यावरून उतरताना मला कळलं की इतके लोक गुपचूप पाकीट का टाकतात.

हुकरची सात ओझी आठवली की हा कायदा का हवा हेही कळतं. आपल्या जंगलातून शंभर-दीडशे वर्षं फुकट नेलं, आता विचारून न्या, यात चूक काही नाही. पण तो अशा रीतीने राबवला जातो की विचारणारा अडकतो आणि न विचारणाऱ्याला कळतसुद्धा नाही की विचारायचं होतं.

आता न विचारणाऱ्यांकडे वळू, कारण छंदी माणूस निष्पाप असतो हा गैरसमज मोडणंही गरजेचं आहे. २००२ च्या मे-जूनमधली गोष्ट. जेम्स मायकल कोवाक नावाच्या अमेरिकन हौशी माणसाने पेरूच्या उत्तर भागात रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून एक फ्रॅग्मिपेडियम घेतलं. फूल वीतभर, गर्द किरमिजी-जांभळं. विज्ञानाला तोवर अपरिचित. परवान्याशिवाय ते त्याने अमेरिकेत नेलं आणि फ्लोरिडातल्या सारासोटा इथल्या मेरी सेल्बी वनस्पती उद्यानात दाखवलं. तिथल्या तज्ज्ञांनी आधी कागद मागायला हवे होते. त्यांनी भरभर वर्णन छापून नवी जात जाहीर केली, तीही त्याच्याच नावाने: फ्रॅग्मिपेडियम कोवाची. खटला झाला. कोवाकला दोन वर्षांची प्रोबेशनची देखरेख आणि १,००० डॉलर दंड, उद्यानाला तीन वर्षांची देखरेख आणि ५,००० डॉलर. नाव मात्र वनस्पतिशास्त्राच्या ‘आधी छापलेलं नाव खरं’ या नियमाने कायम राहिलं. चोरीचा माल जप्त झाला, पण त्यावर कोरलेलं नाव खोडता येत नाही.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. बातमी फुटल्यावर तिथल्या डोंगरउतारांवरून झाडं पोत्यांनी निघाली. नंतर पेरू सरकारने मोजकी झाडं रीतसर रोपवाटिकेत नेऊन वाढवायची परवानगी दिली, आणि काही वर्षांत त्यांची बाटलीतली पिल्लं परवान्यासह जगभर जाऊ लागली. दार उघडलं ते घर लुटून झाल्यावर. हाच क्रम उलटा असता तर?

व्हिएतनामच्या बाबतीत तेवढीही वेळ मिळाली नाही. पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्से १९९९ मध्ये जगाला कळलं आणि काही वर्षांत जंगलातून जवळजवळ नाहीसं झालं. कुठे सापडतं हे छापणं म्हणजे सुपारी देणं, हे तेव्हापासून वनस्पतिशास्त्रज्ञांनाही उमगलं आहे. आता अनेक नव्या जातींची वर्णनं छापताना ठिकाण मुद्दाम अस्पष्ट ठेवतात.

या जातींना एक शाप आणखी आहे. सायटिसच्या व्याख्येत ‘कृत्रिम पैदास’ ठरायची तर मूळ आई-बाप झाडं कायदेशीर मार्गाने मिळवलेली असावी लागतात. आजीच चोरून आणली असेल तर नातवंडंही बेकायदा. जपान-युरोपातल्या हरितगृहांत बियांवरून वाढलेल्या कितीतरी चपला-ऑर्किडांचं हेच आहे: जंगलाशी काडीचा संबंध नाही, तरी कागद कधीच पूर्ण होणार नाहीत. अनेक छंदी लोकांना हा नियम मूर्खपणाचा वाटतो. मला वाटत नाही. तो काढला तर चोराला फक्त एक पिढी थांबायचं आहे. पण त्याला जोडून मूळ देशाला एक हत्यार द्यायला हवं: ज्या जातीची चोरी झाली आहे तिच्या बाटल्या मूळ देशाने स्वतः काढाव्यात आणि स्वस्तात विकाव्यात. चोराचा भाव पाडण्याचा दुसरा उपाय मला दिसत नाही. पेरूने उशिरा का होईना ते केलं.

आपण काय करतो? सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, अगस्त्यमलईच्या डोंगरांत, पॅफिओपेडिलम ड्रुरी नावाचं चपला-ऑर्किड आहे. पिवळ्या पाकळ्यांवर मधोमध तपकिरी पट्टा. पश्चिम घाटातलं आपलं हे एकमेव पॅफ, आणि जगात दुसरीकडे कुठे नैसर्गिकरीत्या सापडत नाही. कर्नल ड्रुरीला ते १८६५ मध्ये मिळालं. पुढे नाहीसं झालं असं समजलं गेलं, १९७० च्या दशकात परत सापडलं आणि सापडल्या सापडल्या गोळा करणाऱ्यांनी साफ केलं. आज त्याची आणि त्याच्या संकरांची रोपं परदेशी छंदींच्या कुंड्यांत फुलतात. केरळात पालोडच्या उद्यानात प्रयोगशाळेत त्याची पैदासही झाली आहे. पण मला सह्याद्रीच्या या टोकाला ते घरी वाढवायचं असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली लागवडीचा परवाना काढावा लागतो. चपला-ऑर्किडं, निळा वांडा आणि लाल वांडा त्या कायद्याच्या खास वनस्पतींच्या यादीत आहेत. जंगलातून आणलेल्या झाडाला आणि प्रयोगशाळेतल्या बाटलीतून निघालेल्या पिल्लाला तोच परवाना, तीच खेप. परिणाम असा की आपल्या ऑर्किडचे शौकीन बाहेर, आपल्याकडे फक्त पहारेकरी.

यावर वनखात्यातले एक स्नेही मला नेहमी म्हणतात, “ताई, तुम्ही बी सोडा म्हणता, उद्या बाटलीच्या नावाखाली जंगलातला माल जाईल.” शंका खरी आहे. रोपवाटिकेचा शिक्का मारून जंगली झाडं विकणं हा या धंद्यातला जुना रिवाज. पण हा डाव कुंडीतल्या झाडाने खेळता येतो, बाटलीने नाही. जंगलातल्या झुपक्याच्या पानांवर दगडफूल चढलेलं असतं, किड्यांनी कुरतडलेलं असतं, मुळं ओरबाडताना तुटलेली असतात, दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या फुटव्यांच्या खुणा असतात. त्याला निर्जंतुक अगरमध्ये उभं करून दाखवा. विमानतळावरच्या अधिकाऱ्याकडून आपण अपेक्षा करतो की फूल नसलेल्या पानावरून त्याने पॅफची जात ओळखावी. ती मलाही पंचवीस वर्षांत नीट ओळखता येत नाही, आणि चोर नेमका फुलं नसतानाच माल हलवतो. उलट ‘बंद बाटलीत आहे की उघडी मुळं आहेत’ हे सकाळी रुजू झालेल्या शिपायालाही कळेल. ज्या नियमाची अंमलबजावणी डोळ्यांनी करता येते तो नियम चांगला.

बीच्या बाबतीत ही खूण नाही, हे कबूल. शेंग जंगलातली की गच्चीतली, पुडीवरून सांगता येत नाही. आणि जिथे मोजकीच झाडं उरली आहेत तिथे दर वर्षी प्रत्येक शेंग तोडणं म्हणजेही सावकाश केलेला खूनच. म्हणून बी थेट माणसाकडून माणसाकडे न जाता एका प्रयोगशाळेतून जावं असं माझं मत आहे. सिक्कीममधल्या पाकयोंगला १९९६ पासून राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र आहे, अरुणाचलात टिपीला त्याहून जुनं केंद्र आहे. परदेशी छंदीने बी तिथे पाठवावं, त्यांनी पेरावं, बाटल्या मला विकाव्यात. पैसे मी देईन, अगदी आनंदाने. माझं बी जायचं असेल तर तेही त्यांच्याकडे द्यावं, आईच्या झाडाची नोंद आणि फोटो यांसकट. वर्षाला माणशी ठरावीक बाटल्या, जातवार यादी, माफक शुल्क. चार टेबलांऐवजी एक खिडकी.

अशी छोटी दारं जगात अशक्य नाहीत. अमेरिकेत सर्वसाधारण बियांच्या लहान खेपांसाठी एक सोपा परवाना आहे: एका खेपेत ५० पाकिटं, दर पाकिटात ५० बिया किंवा १० ग्रॅम. ऑर्किड डोळ्यांसमोर ठेवून तो केलेला नाही हे उघड आहे. ऑर्किडच्या ५० बिया मोजायला भिंग लागेल, आणि १० ग्रॅम म्हणजे एका बीचं वजन मायक्रोग्रॅमभर धरलं तर एक कोटी बिया. युरोपीय संघ उलट दिशेने गेला. १४ डिसेंबर २०१९ पासून बाहेरून येणाऱ्या जवळपास प्रत्येक वनस्पतीला, बियांनाही, आरोग्याचा दाखला लागतो. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर २०२१ पासून इंग्लंड आणि हॉलंड यांच्यामधल्या कुंडीलाही हा दाखला आणि सायटिसचा कागद, दोन्ही लागू लागले. मोठ्या रोपवाटिका हा खर्च हजारो रोपांवर वाटून टाकतात. तीन रोपं मागवणारा माणूस तो कशावर वाटणार?

तरीही जंगलाच्या नुकसानीचा तराजू समोर ठेवला तर छंदी माणसाचं पारडं हलकंच भरेल. हिमालयातल्या सालम मिश्री या ऑर्किडचे कंद पौष्टिक म्हणून वर्षानुवर्षं खणले जातात. च्यवनप्राशातल्या अष्टवर्गापैकी जीवक, ऋषभक, ऋद्धि आणि वृद्धि ही चारही ऑर्किडं आहेत. कंद काढला की झाड संपलं. थंडीत चमचाभर चाटताना हे कोणाच्या मनात येत नाही, माझ्याही येत नसे. जंगलतोड आणि रस्ते यांचा तर हिशोबच वेगळा. माझी सीतेची वेणी त्या हिशोबातूनच माझ्याकडे आली.

पैशाचं बोलायचं राहिलं. काही पावसाळ्यांपूर्वी घाटातल्या एका वळणावर एक मुलगा आमरीची झाडं विकत उभा होता. सुतळीने बांधलेले पाच-सहा झुपके, मुळांना अजून साल चिकटलेली. पन्नास रुपयाला एक. मी त्याला विचारलं, पुढच्या वर्षी कुठून आणशील? तो म्हणाला, “पुढचं झाड बघायचं.” त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की त्याच झाडाच्या एका पिकल्या शेंगेला कोणीतरी पन्नासच्या दसपट देऊ शकेल आणि झाड तिथंच राहील, पुढच्या वर्षीच्या शेंगेसाठी. सांगणार कोण, तसा घेणाराच कायदेशीररीत्या अस्तित्वात नाही. गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत, लोक जैवविविधता नोंदवह्या भरलेल्या आहेत. कोणत्या फणसावर, कोणत्या ऐनावर कोणती आमरी आहे हे त्यांत लिहिता येईल, वर्षाला कितीला हात लावायचा ते गावाला ठरवता येईल, आणि बाटलीमागे गावाचा वाटा ठेवता येईल. लाभाच्या वाटपाची तरतूद कायद्यात आहेच. ती मोठ्या औषध कंपन्यांना धरायला म्हणून ठेवली आहे, तिच्यात एक लहान कप्पा करायचा आहे.

माझ्या मित्राला मी कळवलं की बी सध्या येणार नाही. तो रागावला नाही, त्यांच्याकडेही २०१५ चा असाच एक कायदा आहे म्हणाला. पुडीतलं अर्धं बी मी गेल्या दिवाळीनंतर इथेच पेरलं. आठ बाटल्यांपैकी तीन काळ्या पडल्या. पाचांत हिरवे ठिपके दिसतात, मोहरीएवढे. एकाला कालपासून पान म्हणता येईल असं काहीतरी फुटलं आहे. सगळ्यांवर आईची जागा आणि पेरणीची तारीख लिहून ठेवली आहे, कोणी विचारलंच तर असावी म्हणून.